येऊं घातलेलें यंत्र

“आज घेऊं नका, चार महिने थांबा. याच किमतींत याहून दुप्पट शक्तीचें यंत्र येणार आहे.” घरगुती संगणकाच्या आरंभकाळांत, म्हणजे १९८० ते १९९० या दशकांत, हा उपदेश ज्यास ऐकावा लागला नाहीं असा गिऱ्हाईक विरळा. उपदेश करणारा बहुधा शेजारी, मामेभाऊ किंवा परदेशाहून नुकताच आलेला स्नेही असे. त्यानें तें यंत्र पाहिलेलें नसे, पाहिलेल्या माणसासहि तो भेटलेला नसे. पण त्याच्या बोलण्यांत असा कांहीं ठामपणा असे कीं, पैसे मोजण्यासाठीं बाहेर काढलेला हात पुन्हां खिशांत जाई. कधीं कधीं तो हात योग्य वेळींच मागें घेतला गेला. पुष्कळदां मात्र तें यंत्र जन्मासच आलें नाहीं, आणि थांबलेल्या घरांतील मुलाचें शिकावयाचें वय तेवढें निघून गेलें. या भुमका कशा उठत, त्यांत सत्याचा अंश किती असे, आणि एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राचें सोंग वठविणारा जो ‘एम्युलेटर’, त्याविषयींच्या वदंतांचें पुढें काय झालें, हें पाहण्याजोगें आहे.

‘घरगुती संगणक’ हा शब्द ऐकून आज जें चित्र डोळ्यांपुढें येतें, त्याहून तें यंत्र फार निराळें होतें. इंग्लंडांत क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें २३ एप्रिल १९८२ रोजीं ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नांवाचा संगणक जाहीर केला. आकारानें तो एखाद्या जाड वहीएवढा, रंगानें काळा, आणि त्याच्या कळा रबराच्या. त्यास स्वतःचा पडदा नव्हता. घरांतील टीव्हीसच तो तारेनें जोडावा लागे. आज्ञावल्या सांठविण्यास गाण्याचा साधा टेपरेकॉर्डर पुरे होई. कॅसेट लावली कीं कर्कश किरकिर सुरू होई, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे नाचूं लागत, आणि मध्यें टेप अडखळली नाहीं तर पांचएक मिनिटांनीं आज्ञावली यंत्राच्या स्मृतींत उतरे. अडखळली तर पुन्हां पहिल्यापासून! ती स्मृति तरी केवढी? मोठ्या नमुन्यांत ४८ किलोबाइट, म्हणजे सुमारें ४९ हजार रोमन अक्षरें मावतील एवढी. लहान नमुना १२५ पौंडांस मिळे, मोठा १७५ पौंडांस. रंगीत चित्रें काढणारें, सूर वाजविणारें आणि मुलांनीं ‘बेसिक’ भाषेंत लिहिलेल्या आज्ञा तत्काळ पाळणारें यंत्र एवढ्या किमतींत मध्यम स्थितींतील कुटुंबास तोंपर्यंत क्वचितच मिळालें होतें.

महाराष्ट्रांतील घरांत असलीं यंत्रें प्रथम आलीं तीं परदेशांतून परतणाऱ्यांच्या सामानांतून. जकात जबर असे आणि परवान्यांची कटकट त्याहून मोठी. नोव्हेंबर १९८४ मध्यें केंद्र सरकारनें संगणकविषयक नवें धोरण जाहीर करून हीं बंधनें पुष्कळ सैल केलीं. त्याच सुमारास देशांतील कांहीं निवडक शाळांत ‘क्लास’ या योजनेखालीं एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक बसूं लागले. पुढें १९८६ च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें स्पेक्ट्रमचा सुधारलेला नमुना परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नांवानें विकावयास आरंभ केला. कांहीं हजार यंत्रें खपलीं आणि १९९० च्या सुमारास तो बाजार आटला. पगारदार माणसास हें यंत्र घेणें म्हणजे कित्येक महिन्यांची शिल्लक एका दिवसांत मोकळी करणें होतें. तेव्हां ‘नवें यंत्र येत आहे’ ही वार्ता त्यास केवळ करमणुकीची कशी वाटावी?

या वार्ता येत कोठून? इंग्लंडांतील संगणकविषयक मासिकें येथें टपालानें किंवा कोणाच्या तरी बॅगेंतून येत, तीं बहुधा शिळीं होऊनच. एक अंक दहा घरीं फिरे, त्याच्या छायाप्रती निघत, आणि प्रत्येक घरीं मजकुरांत थोडी भर पडे. पुण्यास बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि मुंबईस लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग विकणारीं दुकानें आहेत. अशा दुकानांच्या फळीपाशीं उभें राहून सोल्डरची तार विकत घेतां घेतां जें ज्ञान मिळे, त्यास छापील अंकाचा आधार असेच असें नाहीं. शिवाय वार्ता येथें पोंचे तोंवर तिकडील स्थिति पालटलेली असे. डीबी स्पेक्ट्रम पुण्यास विकला जाऊं लागला त्याच वर्षीं, ७ एप्रिल १९८६ रोजीं, सिंक्लेअर यांनीं आपल्या संगणकांचा सारा व्यवहार अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीस ५० लक्ष पौंडांना विकून टाकला होता. म्हणजे येथें ज्याचें ‘आगमन’ झालें, त्याचें माहेर तिकडे मोडलें होतें.

त्याच वर्षाची एक भुमका तर नमुनेदार आहे. सिंक्लेअरच्या कारखान्यांत ‘लोकी’ या गुप्त नांवाचें एक यंत्र तयार होत आहे, तें स्पेक्ट्रमच्या सर्व जुन्या कॅसेटी चालवील आणि शिवाय चित्रें व संगीत यांत महागड्या यंत्रांस मागें टाकील, असें एका इंग्रजी मासिकानें छापलें. ही निव्वळ थाप नव्हती. तसा आराखडा कागदावर होता आणि त्यावर काम करणारे अभियंतेहि होते. परंतु कंपनी विकली गेली आणि नव्या धन्यानें लोकी गुंडाळून ठेवून जुन्याच स्पेक्ट्रमला टेपरेकॉर्डर चिकटवून ‘प्लस टू’ हा नमुना काढला. धंद्याच्या दृष्टीनें त्याचें चुकलें असें म्हणवत नाहीं. तो नमुना चांगला खपला. लोकीवर काम केलेल्या अभियंत्यांपैकीं कांहींनीं बाहेर पडून ‘फ्लेअर’ नांवाची संस्था काढली. तिच्या आराखड्यावरून १९८९ सालीं ‘कोनिक्स’ नांवाचें खेळयंत्र येणार म्हणून मोठा गाजावाजा झाला. तेंहि आलें नाहीं. त्याच मंडळींपैकीं दोघांच्या हातून शेवटीं १९९३ सालीं अटारी कंपनीचें ‘जॅग्वार’ बाहेर पडलें. एका भुमकेच्या पोटांतील सत्य बाहेर यावयास सात वर्षें लागलीं, आणि आलें तेंहि दुसऱ्याच्या घरीं, दुसऱ्याच नांवानें.

भुमका उठविणारा नेहमीं रिकामटेकडा शेजारीच असतो असें समजूं नये. पुष्कळदां खुद्द कारखानदारच ती उठवितो. फक्त तिला ‘घोषणा’ असें भारदस्त नांव देतो. सिंक्लेअर यांनीं १२ जानेवारी १९८४ रोजीं ‘क्यूएल’ हा संगणक ३९९ पौंडांस जाहीर केला आणि २८ दिवसांत माल घरपोंच करण्याचें वचन दिलें. त्या दिवशीं यंत्र पुरतें तयारच नव्हतें. लोकांनीं पैसे भरले. एप्रिल संपत आला तेव्हां कोठें पहिलीं मोजकीं यंत्रें बाहेर पडलीं, आणि त्यांतहि मूळ आज्ञावली आंतल्या जागेंत न मावल्यामुळें तिचा एक तुकडा पाठीमागें लटकत्या डबींत घालून दिलेला होता! मुलगी दाखवून लग्न ठरवावें आणि मुहूर्तावर ‘अजून ती जन्मावयाची आहे’ असें सांगावें, तशांतला हा प्रकार.

मोठ्या कंपन्यांनीं हेंच शस्त्र प्रतिस्पर्ध्यावर चालविल्याचा आरोपहि झालेला आहे. अमेरिकेंत कंट्रोल डेटा कंपनीचा ‘६६००’ हा प्रचंड संगणक १९६४ सालीं निघाला. लगेच आयबीएमनें त्याच्या तोडीचा ‘मॉडेल ९१’ जाहीर केला, तो गिऱ्हाइकांच्या हातीं मात्र पडला १९६७ मध्यें. मधल्या काळांत गिऱ्हाइकें थांबून राहिलीं असें म्हणून कंट्रोल डेटानें डिसेंबर १९६८ मध्यें दावा लावला आणि १९७३ सालीं तो तडजोडीनें मिटला.

याच्या उलट, आपल्याच घोषणेनें आपलाच बळी जाण्याचें उदाहरण म्हणून अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचें नांव सर्वत्र घेतलें जातें. या गृहस्थाचें बालपण तमिळनाडूंत तिरुवण्णामलै येथें गेलें आणि २००३ सालीं मृत्यूहि कोडाइकनाल येथेंच आला, हें आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नसतें. १९८१ सालीं त्यांनीं हातांत उचलून नेण्याजोगा संगणक १,७९५ डॉलरांस विकावयास काढला आणि तो तडाख्यानें खपला. पुढें १९८३ च्या आरंभीं त्यांनीं आपल्या पुढच्या यंत्राचें कौतुक वेळेआधींच सुरू केलें. दुकानदारांनीं जुन्याच्या मागण्या रद्द केल्या, माल पडून राहिला, आणि सप्टेंबर १९८३ मध्यें कंपनीनें दिवाळें काढलें. तेव्हांपासून या प्रकारास ‘ऑस्बोर्न परिणाम’ असें म्हणतात. मात्र गोष्ट सांगतात तितकी ती सरळ नाहीं. त्या वेळीं दुसऱ्या कंपनीचा मोठ्या पडद्याचा व स्वस्त संगणक बाजारांत आलेला होता, आयबीएमच्या पद्धतीचीं यंत्रें पुढें सरसावत होतीं, आणि कंपनीचा आंतला हिशेबहि ढिला होता. एका तोंडाळपणानें कंपनी बुडाली, हें सांगावयास सोपें म्हणूनच तें जगभर पसरलें. भुमकांविषयींच्या भुमकाहि असतातच!

आतां एम्युलेटर. हा शब्द कानावर नवा वाटला तरी वस्तु जव्हार-मोखाड्याच्या माणसास समजावून सांगण्यास मुळींच कठीण नाहीं. पूर्वींच्या जव्हार संस्थानच्या आणि आतां पालघर जिल्ह्यांत मोडणाऱ्या या डोंगरी मुलखांत उन्हाळ्याच्या रात्रीं बोहाडा होतो. लांकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगविलेले भव्य मुखवटे घालून, संबळ आणि सनई यांच्या तालावर, गणपति, नरसिंह, रावण, महिषासुर अशीं सोंगें एकामागून एक निघतात. मुखवट्याखालचा माणूस उद्यां सकाळीं शेताच्या कामावर जाणारा कोणी गांवकरीच असतो. पण मुखवटा चढविला कीं त्यानें त्या देवासारखें चालावें लागतें. गणपति रावणाच्या पावलांनीं नाचला तर पाहणारीं मुलेंसुद्धां हंसतील. एम्युलेटर म्हणजे असेंच सोंग. एक संगणक स्वतःची चाल बाजूस ठेवून दुसऱ्या संगणकाच्या चालीनें चालूं लागतो, आणि जुन्या आज्ञावलीस आपण आपल्याच जुन्या घरांत आहों असा भरंवसा वाटतो.

हें घडतें कसें? प्रत्येक संगणकाच्या मध्यभागीं एक प्रोसेसर असतो, त्यास केवळ संख्या समजतात, आणि प्रत्येक जातीच्या प्रोसेसराचा कोश निराळा असतो. स्पेक्ट्रममध्यें ‘झेड-८०’ हा प्रोसेसर होता. बीबीसी मायक्रोमध्यें ‘६५०२’. आज्ञा म्हणून ९६ हा आंकडा समोर आला तर झेड-८० त्याचा अर्थ ‘एका विवक्षित खणांतील संख्या दुसऱ्या खणांत उतरवून घे’ असा करतो. ६५०२ मात्र त्याच आंकड्याचा अर्थ ‘हातचें पोटकाम संपलें, जेथून आलास तेथें परत जा’ असा घेतो. एकाच ध्वनीचा शब्द दोन भाषांत दोन अर्थांनीं असावा तसें हें आहे. म्हणून शाळेंतील बीबीसीची कॅसेट घरच्या स्पेक्ट्रमला घालून उपयोग नसे. एम्युलेटर या ठिकाणीं दुभाष्या होतो. तो जुनी आज्ञा उचलतो, जुन्या कोशांत तिचा अर्थ पाहतो, स्वतःच्या स्मृतींत जुन्या प्रोसेसराचे खण मांडून ठेवलेले असतात त्यांत योग्य तो फेरफार करतो, आणि पुढची आज्ञा उचलतो. जुन्या एका आज्ञेसाठीं त्यास स्वतःच्या दहावीस आज्ञा खर्ची घालाव्या लागतात. सोंग करणाऱ्याच्या अंगांत मूळ पात्रापेक्षां कित्येक पट बळ असावें लागतें, तें यामुळें.

हें एक गणित ज्यास समजलें होतें, त्यास त्या काळांतल्या निम्म्या थापा जागच्या जागीं ओळखतां आल्या असत्या. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर सेकंदास ३५ लक्ष टोल्यांच्या गतीनें चाले, बीबीसीचा २० लक्ष. आंकडा मोठा असला तरी ६५०२ एका टोल्यांत अधिक काम उरके, त्यामुळें दोघांचें बळ जवळजवळ सारखेंच. तेव्हां स्पेक्ट्रमवर बीबीसीचे वेगवान खेळ जसेच्या तसे चालविणारी कॅसेट आहे, असें कोणी सांगितलें तर ती असूंच शकत नव्हती. फार तर गोगलगाईच्या चालीनें चालती. कमोडोर कंपनीनें १९८५ च्या जुलैंत ‘अमिगा’ संगणक जाहीर केला, तेव्हां त्यावर आयबीएम पीसीच्या आज्ञावल्या चालवून दाखविण्याचें आश्वासन दिलें होतें. त्यासाठीं निघालेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही आज्ञावली खोटी नव्हती, चालतहि होती. पण इतकी रेंगाळत कीं, तिच्या भरंवशावर कचेरीचें काम करूं म्हणणाऱ्याची निराशाच झाली. येथें कोणी असत्य बोललें नव्हतें. ‘चालतें’ या एका शब्दांत किती वेळ लागतो हें कोठेंच लिहिलेलें नसतें, एवढाच दोष.

शिवाय नुसता अर्थ बरोबर लावून भागत नाहीं. ताल सांभाळावा लागतो. टीव्हीवरील एक चित्र पुरें होण्यास स्पेक्ट्रमचे बरोबर ६९,८८८ टोले लागत, आणि अशीं सुमारें ५० चित्रें दर सेकंदास निघत. चतुर मुलांनीं याच टोल्यांची मोजदाद करून पडद्याच्या कडेला अर्ध्या चित्रांतच रंग बदलण्याच्या, आणि एका टिकटिकणाऱ्या ध्वनिक्षेपकांतून दोन सूर एकदम काढण्याच्या युक्त्या बसविल्या होत्या. सोंग वठविणाऱ्या यंत्रानें या टोल्यांचा हिशेब ठेवला नाहीं तर सूर बेसूर होतो आणि रंग भलत्याच ठिकाणीं उमटतो. संबळाच्या ठेक्याखेरीज नुसता मुखवटा नाचविण्यासारखें तें होय.

एका यंत्रानें दुसऱ्याचें सोंग घेणें तत्त्वतः शक्य आहे, हें इंग्रज गणिती अ‍ॅलन ट्यूरिंग यांनीं १९३६ सालींच, म्हणजे असें एकहि यंत्र प्रत्यक्ष उभें राहण्यापूर्वीं, सिद्ध केलें होतें. पुढें आयबीएमनें ७ एप्रिल १९६४ रोजीं ‘सिस्टिम ३६०’ ही नवी यंत्रमालिका जाहीर केली तेव्हां जुन्या यंत्रांवर लाखों रुपये खर्चून तयार करून घेतलेल्या आज्ञावल्या वाया जातील म्हणून गिऱ्हाइकें बिथरूं नयेत, यासाठीं नव्या यंत्रांत जुन्याचें सोंग घेण्याची सोय ठेवली. ‘एम्युलेटर’ हा शब्दहि तेथूनच रूढ झाला. म्हणजे ही कला प्रथम व्यापाऱ्यांनीं धंदा राखण्यासाठीं वाढविली. ती स्मृतिरक्षणासाठीं वापरण्याचें श्रेय मात्र घरगुती संगणकांच्या चाहत्यांस दिलें पाहिजे.

१९९० नंतर साधे पीसी इतके बलवान झाले कीं, विद्यार्थ्यांनीं घरीं बसून लिहिलेले स्पेक्ट्रमचे एम्युलेटर त्यांवर पूर्ण वेगानें धांवूं लागले. अमिगाच्या बाबतींत मात्र जाणते लोकहि मान हालवीत. चित्रासाठीं, आवाजासाठीं, चकतीसाठीं निरनिराळ्या खास चकत्या असलेलें तें गुंतागुंतीचें यंत्र. त्याचें सोंग घेणें अशक्य, असा बहुतेकांचा ग्रह होता. मूळ कमोडोर कंपनी एप्रिल १९९४ मध्यें दिवाळ्यांत निघाली होती. पुढील वर्षीं एका जर्मन कंपनीनें ती वारसदारी विकत घेतली. १९९६ च्या वसंतांत तिनें ‘वॉकर’ नांवाच्या नव्या अमिगाचा नमुना जत्रेंत मांडला, आणि त्याच उन्हाळ्यांत तिचेंहि दिवाळें वाजलें. धनी बदलत होते, नवीं यंत्रें ‘येत’ होतीं, येत नव्हतीं. या धामधुमींत १९९५ सालीं बर्न्ड श्मिट नांवाच्या जर्मन तरुणानें अमिगाचा एम्युलेटर लिहावयास घेतला. आरंभीं तो इतका अपुरा होता कीं त्याच्या नांवांतील पहिलें अक्षर ‘निरुपयोगी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें होतें. स्वतःच्या मालास निरुपयोगी म्हणणारा माणूस घोषणांच्या त्या बाजारांत एखादाच! कांहीं वर्षांत त्या निरुपयोगी वस्तूनें अशक्य मानलेलें काम जवळजवळ पुरें केलें.

यांत कायद्याचीहि एक अडचण असते. प्रत्येक संगणकाच्या पोटांत कारखानदारानें कायमची कोरलेली मूळ आज्ञावली असते आणि तिचा हक्क त्याच्याकडे राहतो. ती नसेल तर सोंग उभेंच राहत नाहीं. अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीनें १९९९ सालीं, स्पेक्ट्रमची मूळ आज्ञावली एम्युलेटरबरोबर विनामूल्य वाटण्यास आपली हरकत नाहीं, असें आपल्या अधिकाऱ्यामार्फत उघडपणें सांगितलें. असा मोकळेपणा सर्वांनीं दाखविला नाहीं. कित्येक यंत्रांच्या आज्ञावल्यांचा आज धनी कोण, हेंच कोणास ठाऊक नाहीं, आणि त्या चोरून चालवाव्या कीं मरूं द्याव्या, हा प्रश्न तसाच लोंबकळत आहे.

हा सारा खटाटोप जुने खेळ खेळण्यासाठीं, असें म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं आपल्या घरांतील मराठी मजकुराकडे एकवार पाहावें. १९९० ते २००५ या काळांत आपल्याकडे जे लेख, वंशावळी, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक संगणकावर टाइप झाले, त्यांतील बहुतेकांत देवनागरी अक्षरांसाठीं त्या त्या फाँट बनविणाऱ्यानें आपल्या मनासारखे आंकडे योजिले होते. सर्वांस समान असा ‘युनिकोड’ प्रमाणित झालेला असूनहि तो घरोघर रूढ व्हावयास वर्षें लागलीं. त्यामुळें ती जुनी फाइल नव्या संगणकावर उघडली तर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर शाबूत असतो. तो वाचणारा कोश तेवढा हरवलेला असतो. अशा वेळीं नव्या संगणकाच्या पोटांत जुना संगणक उभा करून, त्यांत जुनी विंडोज व जुना फाँट घालून, तो मजकूर पुन्हां डोळ्यांनीं पाहतां येतो. ज्यांच्या घरीं वडिलांचें आत्मवृत्त अशा एखाद्या फाइलींत अडकून पडलें आहे, त्यांस एम्युलेटरची थोरवी निराळी सांगावयास नको.

पुन्हां भुमकांकडे वळावयाचें तर, शहरांतील गिऱ्हाइकापेक्षां डोंगरांतील शाळेस त्या अधिक महागांत पडतात. शहरांतला माणूस थांबला तर त्याच्यापुढें दुसरें दुकान असतें. मोखाड्याकडील शाळा जें मिळेल म्हणून सांगितलें त्याचीच वाट पाहते. ‘१०० डॉलरांचा लॅपटॉप’ ही कल्पना अमेरिकेंतील प्राध्यापक निकोलस नेग्रोपोन्टे यांनीं २००५ सालीं मांडली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ट्यूनिस येथें दाखविलेल्या नमुन्यास वीज निर्माण करण्यासाठीं फिरविण्याचा दांडा होता आणि तो समारंभांतच निखळून आला. विक्रीस निघालेल्या यंत्रास दांडाहि राहिला नाहीं आणि किंमत पडली सुमारें १८८ डॉलर. तरीहि तें यंत्र हवेंतलें नव्हतें. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांतील खैराट-धनगरवाडा येथल्या लहानशा शाळेंतील वीस-बावीस मुलांच्या हातीं तें खरोखरच पडलें. भारतांतील तो पहिला प्रयोग. आणि येथेंहि एम्युलेटर कामास आला होता: यंत्रें कारखान्यांतून बाहेर पडण्यापूर्वींच जगभरच्या आज्ञावली-लेखकांनीं त्यांचें सोंग आपापल्या संगणकावर उभें करून मुलांसाठीं आज्ञावल्या तपासून ठेवल्या होत्या. न आलेल्या यंत्राचा याहून चांगला उपयोग कोणी केला नसेल.

दोन वर्षांनीं ‘१० डॉलरांचा लॅपटॉप’ ही वार्ता सरकारी तोंडानें जगभर गेली. ३ फेब्रुवारी २००९ रोजीं तिरुपति येथें पडदा उघडला तेव्हां जी वस्तु दिसली, ती लॅपटॉप नव्हतीच. माहिती सांठविण्याची ती एक पेटी होती. पुढें जुलै २०१० मध्यें ३५ डॉलरांच्या टॅब्लेटचा नमुना झळकला आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजीं तो ‘आकाश’ या नांवानें प्रत्यक्ष आला. मंद प्रोसेसर, लवकर संपणारी बॅटरी आणि नखानें दाबावा लागणारा पडदा यांनीं विद्यार्थी हिरमुसले. नोव्हेंबर २०१२ मध्यें सुधारलेला ‘आकाश-२’ आयआयटी मुंबईच्या देखरेखीखालीं निघाला, तो पुष्कळ बरा होता; पण तोंवर बाजारांतील साधे मोबाइलच त्या किमतीच्या जवळ येत चालले होते. सरकारी यंत्राची वाट पाहणाऱ्या कित्येक घरांत पहिला संगणक शिरला तो फोनच्या रूपानें, कोणाच्याहि घोषणेवांचून.

तेव्हां एखादी वार्ता कानीं आल्यास तिची परीक्षा कशी करावी? यंत्र चालतांना कोणी पाहिलें आहे, कीं फक्त त्याचें चित्र पाहिलें आहे, हा पहिला प्रश्न. त्यांतील मुख्य भाग आज दुकानांत सुटा मिळतो काय, हा दुसरा. कारण जो प्रोसेसर अजून विकलाच जात नाहीं, त्यावर चालणारें स्वस्त यंत्र चार महिन्यांत येत नसतें. आणि पैसे आधीं मागितले जात असतील तर तेथें दुप्पट सावध असावें. स्पेक्ट्रमचा हातांत मावणारा नवा अवतार म्हणून २०१६ सालीं ‘वेगा प्लस’ या यंत्रासाठीं लोकांकडून आगाऊ पांच लक्ष पौंडांवर रक्कम गोळा झाली. बहुतेकांस यंत्र मिळालें नाहीं आणि कंपनी गुंडाळली गेली. मात्र त्याच रीतीनें २०१७ सालीं पैसे जमविलेला ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ सांगितल्यापेक्षां दोन वर्षें उशिरानें, २०२० च्या आरंभीं, घरोघर पोंचला. जुन्या स्पेक्ट्रमच्या कॅसेटी चालविणारा आणि तरीहि त्याहून कितीतरी समर्थ, असा तो संगणक. १९८६ च्या ‘लोकी’विषयीं जें जें सांगितलें जात होतें, त्यांतील पुष्कळसें त्यांत आहे.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें आणखी एक यंत्र विक्रीस आलें. बाहेरून तें १९८२ च्या स्पेक्ट्रमसारखें हुबेहुब आहे. तेंच काळें अंग, तोच इंद्रधनुष्याचा पट्टा, त्याच मऊ रबरी कळा. आंत झेड-८० नाहीं. मोबाइलांत असतो त्या जातीचा प्रोसेसर आहे आणि त्यावर एम्युलेटर चालतो. ४८ खेळ आंतच भरलेले असल्यामुळें टेपरेकॉर्डरची गरज उरली नाहीं, आणि पांच मिनिटांच्या त्या किरकिरीचीहि.